सदुसष्टच्या खाली नको

शोरूममध्ये तिला सगळे फूटपट्टी म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. उलट आतून थोडं सुखावायलाच होई. नाव पडलं होतं ते तिच्या पाठांतरावरून. गाडी कुठलीही असो, तिची लांबी, रुंदी, डिकीत किती बॅगा मावतात, गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे, सगळं तिच्या जिभेवर. नवा सेल्समन गिऱ्हाईकासमोर अडकला की लांबूनच डोळ्यांनी खूण करी, आणि ती जाता जाता आकडा सांगून पुढे निघून जाई. सतरा वर्षांत तिचा एकही आकडा चुकला नव्हता.

एका मंगळवारी सकाळी, काचा पुसणारा माणूस अजून शिडीवरच होता तेव्हा, एक काका आत आले. उंच, किडकिडीत, सत्तरीच्या आसपासचे. अंगावरचा शर्ट जुना, पण असा बेतलेला की बघत राहावं. ती पुढे झाली तर त्यांनी आधी तिच्या कोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "डावा खांदा उतरलाय. तुझा नाही, कोटाचा. शिवणाऱ्याने घाई केली."

ती हसली. "तुम्ही टेलर का?"

"होतो. दुकान बंद करून सहा वर्षं झाली. सुईत दोरा ओवता येईना म्हणजे काय राहिलं?" मग खिशातून एक चिठ्ठी काढून त्यांनी तिच्या हातात दिली. "हे बघ आधी. माझं काम एवढंच आहे."

चिठ्ठीवर गोल, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: सीट जमिनीपासून किमान ६७ सेंमी. खाली व्याकरणाच्या बाई मारतात तशा दोन ठळक रेघा.

गोष्ट अशी होती. काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, खुब्याचा सांधा बदलला होता. अजून अकरा दिवस त्या व्यायाम करून घेणाऱ्या केंद्रात राहणार होत्या. मग घरी, पण आठवड्यातून तीनदा तिथे न्यायचं. घरची गाडी जुनी आणि बुटकी. तिच्यात बसायचं म्हणजे खड्ड्यात उतरल्यासारखं. व्यायाम घेणाऱ्या मुलीने बजावून सांगितलं होतं, की पाठमोरं व्हायचं, सीटवर टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे. आणि त्यासाठी सीट उंच हवी.

"सदुसष्टच्या खाली नको," काका म्हणाले. "वर चालेल. खाली एक सूतसुद्धा नको."

असं गिऱ्हाईक म्हणजे फूटपट्टीला सणच. लोक रंग विचारतात, गाण्यांचे स्पीकर किती विचारतात. हा माणूस माप विचारत होता. तिने त्यांना सरळ पांढऱ्या एसयूव्हीपाशी नेलं. साधी आवृत्ती, दाखवायला ठेवलेली. काकांनी खिशातून टेप काढली. पिवळी, कडेला उसवलेली, आकडे अर्धे पुसलेले.

"आम्ही इंचवाले," ते म्हणाले. "सेंटीमीटर मागच्या बाजूला आहेत. पण जवळचं बारीक मला वाचता येत नाही, मोतीबिंदू आहे. हिचं आटोपलं की माझा नंबर. मी खालचं टोक धरतो, तू वरचं वाच."

ते गुडघ्यावर बसले आणि टेपेचं टोक अंगठ्याने फरशीवर दाबून धरलं. तिने टेप वर ओढली, सीटच्या बरोबर मध्ये तळहात टेकवला, आणि वाचलं.

"अडुसष्ट."

"झकास!" काका उठता उठता म्हणाले. "कधी मिळेल?"

तिथेच घोडं अडलं. साध्या आवृत्तीला चार महिने थांबावं लागणार होतं. काकांचा चेहरा उतरला. चार महिन्यांत तर काकूंचे व्यायाम संपणार. "मग काय उपयोग?" ते म्हणाले आणि टेप गुंडाळू लागले.

काचेच्या खोलीतून मॅनेजर बघत होता. त्याची नजर आधी तिच्याकडे गेली, मग कोपऱ्यातल्या लाल गाडीकडे. तीच एसयूव्ही, पण स्पोर्टी. काळी चाकं, लाल शिलाईच्या सीट, पाठीमागे पंख. कुणीतरी मागवली आणि ऐनवेळी नको म्हणाला, तेव्हापासून पाच महिने जागा अडवून बसलेली. शोरूममधला हा लाल रंगाचा पांढरा हत्ती. कालच्याच मीटिंगमध्ये मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "फूटपट्टी, नुसते आकडे पाठ करून काय करायचं? हिला घालवून दाखव, मग मानतो." सगळे हसले होते. तीही हसली होती, पण ते तिला लागलं होतं.

"काका, एक गाडी तयार आहे," ती म्हणाली. "हीच गाडी, फक्त जरा नटलेली. चार दिवसांत दारात उभी करते."

"उंची तीच?"

तिला माहीत होतं. स्पोर्टी आवृत्तीच्या स्प्रिंगा आखूड असतात. गाडी दोन सेंटीमीटर खाली बसते. सीट खोल असते; ती आणखी तीन. एकूण पाच. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

"जवळजवळ तीच," ती म्हणाली.

"आमच्या धंद्यात जवळजवळ नसतं, पोरी. बाही जवळजवळ बसत नाही. बसते नाहीतर बसत नाही. चल, मोजू."

काका पुन्हा गुडघ्यावर बसले. अंगठ्याने टोक दाबलं. तिने टेप वर ओढली. स्पोर्टी सीटला दोन्ही बाजूंनी जाड उंचवटे असतात, वळणावर माणूस घसरू नये म्हणून. तिचा हात सीटच्या मध्याकडे गेलाच नाही. कडेच्या उंचवट्यावरच टेकला. तिथे टेपेवर जो आकडा होता तो तिने वाचला.

"अडुसष्ट."

"नीट वाचलंस ना?"

"हो काका."

"मग झालं." त्यांनी सीटवर हात दाबून पाहिला. "जरा खोल वाटते."

"स्पोर्टी सीट आहे, काका. कुशीत घेते."

काका खुश झाले. "कुशीत घेते! हिला सांगतो हे."

आकडा खरा होता; जागा खोटी होती. तेवढ्याच फटीत तिने आपलं मन बसवून टाकलं. आणि शिवाय, तिने स्वतःला सांगितलं, म्हाताऱ्याची निकड होती. आपण अडलेल्याचं काम केलं. पाच सेंटीमीटर म्हणजे किती, तर तीन बोटं. तीन बोटांनी कुणाचं काय बिघडतं?

मॅनेजरने संध्याकाळी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या.

गाडी द्यायच्या दिवशी काका एकटेच आले. काकू अजून केंद्रातच होत्या. तिने किल्ल्या दिल्या, फोटो काढला, काच कशी खाली करायची, सीट कशी मागे घ्यायची सगळं दाखवलं. सीट वरखाली करायची सोय या आवृत्तीत फक्त चालवणाऱ्याच्या बाजूला होती. ते दाखवताना तिचा आवाज जरा खाली गेला. काकांच्या लक्षात आलं नाही. फाटकातून बाहेर पडताना रस्त्यावरच्या गतिरोधकावर गाडीचं पोट खर्रकन घासलं. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "पांढरी कधी घासत नाही इथं." ती वळून आत आली.

त्यानंतर तिच्या जिभेला काय झालं कोण जाणे. आकडे पाठ होते, पण ओठांवर यायच्या आधी एकदा थबकत. एका जोडप्याने डिकीचं माप विचारलं, तर तिने चक्क माहितीपत्रक उघडलं. बाजूचा सेल्समन म्हणाला, "फूटपट्टी झिजली वाटतं!" चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं; ती एवढी दचकली की तो बिचारा ओशाळला. दोनदा तिने काकांचा नंबर काढला. चौकशी म्हणून फोन करायचा, काकू बऱ्या बसतायत का एवढंच विचारायचं. पण 'नाही' असं उत्तर आलं तर पुढे काय, हे तिला ठरवता येईना. मग फोन खाली. दिवस जात गेले. काही तक्रार आली नाही, तेव्हा तिने धरून चालायला सुरुवात केली की सगळं ठीक असणार. मन मात्र धरून चालत नव्हतं. ते आतल्या आत कुरतडत होतं.

सव्वादोन महिन्यांनी लाल गाडी पहिल्या सर्व्हिसिंगला आली. तिने काचेतून पाहिलं आणि न आलेला फोन कानाला लावला. पण काका माणूस मोकळा. सरळ तिच्या टेबलापाशी आले आणि समोरच्या खुर्चीत बसले.

"काकू कशा आहेत?" तिला विचारावंच लागलं.

"हट्टी झालीय." काका हसले, पण ते हसू टिकलं नाही. "गाडीत बसायचं म्हटलं की तोंड वाकडं. म्हणते, बुडल्यासारखं होतं. गुडघे वर येतात, बाजूचा उंचवटा नेमका खुब्यात घुसतो, बाहेर निघताना जीव जातो. मी म्हटलं, अगं, मोजून घेतलीय! मी धरलं, शोरूमच्या पोरीने वाचलं. आकडा कधी खोटं बोलतो का? सुरुवातीला आली कशीबशी चार वेळा. आता केंद्रात जायचंच बंद केलंय. घरीच भिंतीला धरून काय ते करते."

"पण मग..."

"परवा मी बोललो. जरा जास्तच बोललो." काका टेबलावरच्या पेनाशी चाळा करत होते. "म्हटलं, दुखणं तुझ्या पायात नाही, डोक्यात आहे. सबब पाहिजे तुला. त्रेचाळीस वर्षांत इतकं टाकून बोललो नव्हतो. तेव्हापासून गप्प आहे. जेवायला वाढते, पण गप्प. मला सांग, इतर म्हाताऱ्या बसतात ना गं या गाडीत?"

आत्ता, ती मनाशी म्हणाली. आत्ताच. तोंडही उघडलं.

"सवय होईल, काका," ती म्हणाली.

काकांनी मान डोलावली, गाडी तयार झाल्याचं कुणीतरी सांगायला आलं, आणि ते गेले. ती बसूनच राहिली. पहिल्या खोट्याला निदान निमित्त तरी होतं: मॅनेजर, टाळ्या, म्हाताऱ्याची निकड. या दुसऱ्याला काहीच नव्हतं. नुसती भीती. आणि या दुसऱ्या खोट्याने तिने एका बाईला तिच्याच घरात खोटं ठरवलं होतं. तीही अशी बाई, जिचं तोंडसुद्धा तिने पाहिलेलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ती मागे वर्कशॉपमध्ये गेली. तिथला फोरमन जुना माणूस. हात काळे, बोलणं तिरकं, पण कामात सोनं. पांढरी गाडी त्याच्याकडेच उभी होती.

"स्पोर्टी गाडी साध्याइतकी उंच करता येते का हो?" तिने विचारलं.

त्याने तिला पांढऱ्या गाडीच्या चाकापाशी नेलं आणि चाक आणि वरची कमान यांच्या मधल्या फटीत आपली बोटं उभी घातली. "साधीत चार बोटं जातात. लाल गाडीत सकाळीच घातली होती, तीनच गेली आणि अडकली. स्प्रिंगा बदलल्या की चार होतील. पण उंची सगळी स्प्रिंगेत नाही, सीटमध्ये आहे. सीट पण बदलावी लागेल. या पांढरीची काढून तिला आणि तिची हिला. दाखवायची गाडी काय, कशीही चालते. करता येतं. पण मॅनेजरची सही लागेल, आणि सहीला कारण लागेल." मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "कारण काय?"

"गिऱ्हाईकाला त्रास होतोय."

"गिऱ्हाईकांना त्रास होतच असतो. त्यासाठी तू जेवण सोडून इथं येत नाहीस."

मग तिने सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. टेप कुठे टेकवली तेही सांगितलं. फोरमनने फडक्याने हात पुसले. बराच वेळ पुसले.

"लोखंड मी बदलून देतो, ताई," तो म्हणाला. "बाकीचं माझ्या हत्यारांनी होण्यासारखं नाही."

तिने अर्ज लिहिला. 'सदर वाहनाच्या मापात तफावत आढळल्याने' असं सुरू केलं. किती सोयीची भाषा! तफावत आपली आपण आढळते. कुणी केलेली नसते. मॅनेजरने कुरकुर करत सही केली, म्हणाला, "काय पण तुझी म्हाताऱ्यांची सेवा!" आणि ती सही घेऊन ती दुसऱ्या दिवशी दुपारी काकांच्या घरी गेली.

घर एका शांत गल्लीत, तळमजल्यावर. दारात लाल गाडी उभी, तिच्यावर आच्छादन, आच्छादनावर धुळीचा जुना थर. सर्व्हिसिंगहून आल्यावर लगेच झाकलेली दिसत होती. बेल वाजवल्यावर आतून आधी चार पायांच्या वॉकरचा आवाज आला, टक टक, आणि दार उघडलं. काकू ठेंगण्या, गोऱ्या, केस नीट विंचरलेले. डोळ्यांखाली काळं. तिने कुठून आली ते सांगितलं.

"अहो, शोरूमची ताई आलीय," त्यांनी आत हाक मारली. त्या हाकेत ना राग होता ना लोभ.

काकू एका खुर्चीवर बसल्या. खुर्चीच्या चारी पायांखाली लाकडी ठोकळे होते, पायाला खोबण पाडून घट्ट बसवलेले. काका बाहेर आले ते कौतुकाने ठोकळ्यांकडे बोट दाखवतच. "मीच केले. ही खुर्ची बघ, हिच्यात बसते ना मुकाट्याने! आणि गाडीत म्हणे..."

"अहो," काकू म्हणाल्या. काका थांबले.

तिला बस म्हणाले, पण ती बसली नाही. बसली असती तर काही न सांगताच उठून गेली असती.

"काका, त्या दिवशी मी टेप सीटच्या मध्ये धरली नाही. कडेच्या उंचवट्यावर धरली. मध्ये त्रेसष्ट आहे."

काकांचा हात टेपेच्या खिशाकडे गेला.

"म्हणजे," काका हळूच म्हणाले, "वाचण्यात चूक झाली म्हणतेस. होतं. टेपही जुनी आहे माझी, आकडे पुसलेत."

तिला सुटायला दार उघडून दिलं होतं त्यांनी. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. चहा झाला असता, गाडी बदलून मिळाली असती, आणि वर म्हातारा तिचे आभार मानत बसला असता.

"चूक नाही, काका. मला माहीत होतं. ती लाल गाडी खपवायची होती. आणि काल तुम्ही विचारलंत तेव्हाही माहीत होतं."

बोलल्या त्या काकू.

"त्रेसष्ट," त्या म्हणाल्या. जणू कुणाचं नाव खूप दिवसांनी ऐकलं. "मग मी खोटी नव्हते."

"नाही काकू."

"मला वाटायला लागलं होतं, खरंच डोक्यातच काहीतरी झालंय. आरशात बघून स्वतःला रागवायचे मी. म्हणायचे, माप घेऊन आणलीय गाडी त्यांनी, त्यांनी कधी कुणाचं माप चुकवलंय का? मग तुलाच का टोचतंय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझी थोरली बहीण गेल्या महिन्यात मुलाकडे राहायला गेली. लांब, समुद्रापलीकडे. कायमची. जायच्या आदल्या दिवशी तिला भेटायला निघालो होतो. दोन तासांचा रस्ता. पंधरा मिनिटांत मला सहन होईना. मी म्हटलं, वळवा गाडी. हे म्हणाले, बस की गं जरा. मी रडायला लागले, तेव्हा वळवली. तिला फोनवर सांगितलं, मला बरं नाही. ती म्हणाली, असू दे. शहात्तर वर्षांची आहे ती."

काकूंनी वॉकर जवळ ओढून घेतला.

काका उठले आणि आत गेले. आतून नळाचा आवाज आला, बराच वेळ. परत आले तेव्हा चेहरा ओला होता. ते खुर्चीसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी तुला..."

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "बाहेरच्या माणसासमोर नको."

बाहेरचं माणूस मान खाली घालून उभं होतं. त्याने कसंबसं सांगितलं, की स्प्रिंगा आणि सीट बदलून मिळतील, परवाच्या परवा, सही झालीय. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी तिला 'पोरी' म्हटलं नाही:

"मला फसवलंत ते एक सोडून देईन. धंद्यात असतं, मीही धंदा केलाय. पण माझ्या तोंडून तुम्ही हिला खोटं पाडलंत. ते माझ्याने सुटत नाही. परवा गाडी आणतो. आता या."

एवढ्याशा 'तुम्ही'ने तिला जे लागलं ते कुणी थोबाडीत मारूनही लागलं नसतं.

परत आल्यावर तिने तो अर्ज मॅनेजरकडून मागून घेतला आणि नवा लिहिला. त्यात तफावत नव्हती. 'मी' होतं. मी टेप चुकीच्या जागी धरली, जाणूनबुजून धरली, मी गिऱ्हाईकाला खोटा आकडा सांगितला. मॅनेजरने वाचला, दरवाजा लावून घेतला. "वेड लागलंय का तुला? कोण विचारत होतं? हे असलं लेखी देतात का कुणी?" ती म्हणाली, मला द्यायचंय. तो वैतागला, मग घाबरला, मग मऊ झाला, आणि शेवटी कागद वरच्या ऑफिसात गेला. आठवड्याने निकाल आला: तिला विक्रीवरून काढून मागच्या खोलीत नोंदणीच्या कागदपत्रांवर बसवायचं. तिला वाटलं होतं, शिक्षा मिळाली की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

पण ते नंतर. त्याआधी तो परवाचा दिवस आला. काका लाल गाडी घेऊन आले, आणि काकूंना शेजारच्यांच्या उंच गाडीतून आणलं. फोरमनने दुपारपर्यंत स्प्रिंगा बसवल्या, सीट अदलाबदल केली. लाल शिलाईची सीट पांढऱ्या गाडीत गेली आणि साधी करडी सीट लाल गाडीत. गाडी जरा विजोड दिसायला लागली, पण उभी मात्र ऐटीत राहिली. चाकावर चार बोटं. काकांनी टेप काढली, गुडघ्यावर बसले, अंगठ्याने टोक दाबलं. ती दोन पावलांवर उभी होती. सवयीने तिचा हात पुढे झाला.

"तुम्ही वाचा," काकांनी फोरमनला सांगितलं.

"अडुसष्ट," फोरमन म्हणाला. आणि तिच्याकडे न बघता जोडलं, "मध्ये."

काकू पाठमोऱ्या झाल्या. मागे चाचपलं, टेकल्या, क्षणभर डोळे मिटले, आणि मग एक एक पाय आत घेतला. काका श्वास रोखून उभे होते. "टोचतं?" त्यांनी विचारलं. काकूंनी नाही अशी मान हलवली. काकांनी तोंड फिरवलं आणि उगाचच गाडीच्या मागे जाऊन डिकी उघडली, बंद केली.

तेवढ्या वेळात ती खिडकीपाशी गेली. "काकू, मला माफ..."

"मागू नकोस," काकू म्हणाल्या. रागाने नाही, एखाद्या मुलीला गरम भांड्याला हात लावू नकोस सांगावं तशा. "माफ केलं म्हटलं तर ते खरं नसेल, आणि खोटं आता पुरे झालं. तू आलीस, सांगितलंस, ते चांगलं केलंस. पण ते दोन महिने गेले ते गेले. माझे पण, यांचे पण. एवढं तुझ्याकडे राहू दे."

गाडी फाटकातून गेली. गतिरोधकावर घासली नाही.

मागच्या खोलीत तिने सात महिने काढले. खोलीला एक खिडकी, ती वर्कशॉपकडे उघडणारी. कागद आले की चासीचा नंबर तपासायचा, शिक्का मारायचा, फाइलला लावायचा. पुढे शोरूममध्ये कुणी अडकलं तर आता मोबाइलमध्ये बघत. फूटपट्टी हे नाव हळूहळू मागे पडलं. सुरुवातीला ती रोज स्वतःशी भांडे: आपण सांगितलं नसतं तर? सांगितलं नसतं तर काकूंना टोचतच राहिलं असतं. मग ते आधी का नाही सांगितलं, पहिल्याच आठवड्यात, फोन हातात होता तेव्हा? बहीण तेव्हा इथेच होती. हा प्रश्न शिक्का मारता मारता दिवसातून दोनतीनदा तरी येऊन जाई, जुन्या गिऱ्हाइकासारखा.

एकदा त्याच खिडकीतून तिला लाल गाडी दिसली. दुसरं सर्व्हिसिंग असावं. काका फोरमनशी बोलत होते. काकू स्वतःच उतरल्या, हातात आता नुसती काठी. भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसल्या. ऊन होतं. तिने बराच वेळ पाहिलं, मग उठून पेल्यात पाणी भरलं आणि बाहेर गेली.

काकूंनी पेला घेतला. पाणी प्यायल्या. "इथे बसवलंय होय तुला?" खिडकीकडे बघत त्यांनी विचारलं.

"हो."

"वारा येतो का आत?"

"दुपारनंतर येतो."

काकूंनी मान हलवली. मग काठी दुसऱ्या बाजूला घेतली आणि बाकावर जागा केली. "बस. उभी काय राहिलीस?"

ती बसली. समोर फोरमन लाल गाडीचं बॉनेट उघडून आत डोकावत होता आणि काका त्याला काहीतरी समजावून सांगत होते, हातवारे करून, जणू इंजीनही कापडाचंच असावं. काकूंना हसू आलं. ते त्यांनी पदराआड दाबलं. तिलाही आलं असतं, पण तिने येऊ दिलं नाही. अजून नाही, असं तिला वाटलं.

काका आले. त्यांनी दोघींना बाकावर पाहिलं. चष्मा नवा होता, काच जाड नव्हती. डोळ्यांचं काम झालेलं दिसत होतं. क्षणभर ते तिच्याकडे बघत राहिले. मग काकूंना म्हणाले, "चल. झालंय."

काकू काठीवर भार देऊन उठल्या. तिने हात पुढे केला नाही. त्यांना एकट्यांनी उठायचं होतं हे दिसत होतं. जाताना काकूंनी रिकामा पेला तिच्या हातात दिला. काकांनी दार उघडून धरलं, काकू पाठमोऱ्या झाल्या, टेकल्या, पाय आत घेतले. दार बंद झालं.

आत टेबलावर फाइलींचा गठ्ठा तसाच होता. तिने सगळ्यात वरची उघडली आणि चासीचा नंबर वाचायला घेतला. एकदा वाचला. मग बोट ठेवून, एक एक आकडा धरून, पुन्हा वाचला.